जीडीबीमधून फंक्शन कॉल केलं की बॅकट्रेसमध्ये ही भुताची फ्रेम कुठून येते?

नवाकोरा_सी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं आऊट झालंय म्हणून धागा काढतोय. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर तशाच मारू नका :) नवख्यांसाठी: जीडीबी म्हणजे प्रोग्राम थांबवून आत डोकावायचा डीबगर, स्टॅक म्हणजे चालू फंक्शनांची मेमरी, फ्रेम म्हणजे त्यातली एका फंक्शनची जागा, आणि बॅकट्रेस (कमांड बीटी) म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी.

सीमध्ये लिहिलेला एक जुना बिलिंगचा प्रोग्राम गळ्यात पडलाय. ज्याने लिहिला तो केव्हाच नोकरी सोडून गेला. तक्रार अशी की रोज सकाळी जे पहिलं बिल निघतं त्यावर कराच्या ओळीत शून्य छापतं, खालचं एकूण मात्र बरोबर असतं, आणि दुसऱ्या बिलापासून सगळं ठीक. मी बिल_छाप वर ब्रेकपॉइंट (इथे आलास की थांब अशी खूण) लावला, तिथे थांबल्यावर सहज म्हणून "प्रिंट एकूण_काढ(यादी)" मारलं. आकडा बरोबर आला. मग कंटिन्यू केलं तर बिलावर करही बरोबर!! जीडीबी काढलं की परत शून्य.

मग मी एकूण_काढ मध्येही एक ब्रेकपॉइंट टाकला आणि तोच प्रिंट पुन्हा मारला. जीडीबीने इंग्रजीत लांबलचक काहीतरी सुनावलं, की जीडीबीने बोलावलेल्या फंक्शनमध्ये असताना प्रोग्राम थांबलाय, हे एक्स्प्रेशन आता सोडून देतोय वगैरे. मला काही कळलं नाही म्हणून तोच प्रिंट अजून दोनदा मारला (हसू नका). त्यानंतर बीटी मारलं तर हे:

#० एकूण_काढ
#१ ‹फंक्शन कॉल्ड फ्रॉम जीडीबी›
#२ एकूण_काढ
#३ ‹फंक्शन कॉल्ड फ्रॉम जीडीबी›
#४ एकूण_काढ
#५ ‹फंक्शन कॉल्ड फ्रॉम जीडीबी›
#६ बिल_छाप
#७ दिवस_चालव
#८ मेन

तर प्रश्न असे. ही मधली फ्रेम कोण ठेवतं, आणि माझ्या स्टॅकचं त्यात वाटोळं होतं का? दुसरं, मी अप अप करून मेनच्या फ्रेमवर गेलो आणि तिथून कॉल मारला तर फंक्शन मेनच्या खाली बसतं का, मग बिल_छापचे व्हेरिएबल पुसले जात नाहीत? आणि नुसतं प्रिंट केल्याने बग कसा पळतो?

---

रिकामटेकडा

प्रिंटएफ लावा, सुखी व्हा.

---

टर्मिनलवेडा

@रिकामटेकडा आमच्याकडे एक प्रिंटएफ लावला की बिल्डला ४० मिनिटं लागतात. तोवर खाली जाऊन चहा, वर येऊन चहा. साखर वाढली राव.

---

सेगफॉल्टेश्वर

पहिल्या प्रश्नाचं सांगतो, जरा लांबेल.

आधी एक डोक्यात पक्कं करा की फंक्शन जीडीबी चालवत नाही. जीडीबी ही वेगळी प्रोसेस, तुमचा प्रोग्राम वेगळी. जीडीबी फक्त तुमच्या थांबलेल्या थ्रेडची (प्रोग्राममधलं एक चालू काम) मानगूट धरते आणि म्हणते, जा, एवढं काम करून ये आणि पुन्हा इथेच उभा रहा. काम त्याच थ्रेडवर आणि त्याच्याच स्टॅकवर होतं. त्या थ्रेडला यातलं काहीच ठाऊक नसतं.

६४ बिटच्या इंटेल लिनक्सवर काय होतं ते बघा. जीडीबी आधी त्या थ्रेडचे सगळे रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) वाचून स्वतःकडे, म्हणजे स्वतःच्या मेमरीत, ठेवून घेते. मग आरएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारा रजिस्टर) जिथे असेल तिथून १२८ बाइट खाली सरकते. या १२८ ला रेड झोन म्हणतात. जे फंक्शन पुढे कोणाला बोलवत नाही ते आरएसपी न हलवता त्याच्या खालचे १२८ बाइट वापरू शकतं, असा तिथल्या एबीआयचा (फंक्शनांनी एकमेकांना कसं बोलवायचं त्या नियमांचा) करार आहे, त्यामुळे ती जागा रिकामी दिसली तरी तिला हात लावायचा नाही. पुढे १६ च्या पटीत अलाइन करून थोडी जागा घ्यायची, आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स या क्रमाने भरायचे (सहापर्यंत रजिस्टरमध्ये, उरलेले पूर्णांक स्टॅकवर). परतीचा पत्ता म्हणून अशी जागा द्यायची जिथे जीडीबीने गुपचूप ब्रेकपॉइंट ठेवलाय. शेवटी आरआयपी (पुढची इन्स्ट्रक्शन कुठे ते दाखवणारा रजिस्टर) फंक्शनच्या सुरुवातीला नेऊन थ्रेड सोडून द्यायचा.

फंक्शन संपतं, रेट (परत जा अशी इन्स्ट्रक्शन) मारतं, त्या खोट्या पत्त्यावर येतं आणि ब्रेकपॉइंट लागतो. जीडीबी ओळखते की हा आपलाच सापळा. आरएएक्स रजिस्टरमधून उत्तर उचलते, साठवलेले सगळे रजिस्टर जसेच्या तसे परत लिहिते, झालं. कॉलच्या आधी आणि नंतर "पी डॉलर-आरएसपी" मारून बघा, तोच आकडा दिसेल.

म्हणजे पंगत बसलेली असताना मध्येच एखाद्या पाहुण्याचं पान मांडायचं, त्याने जेवून उठायचं आणि पान उचलून टाकायचं, असला प्रकार. तुमचा पाहुणा जेवता जेवता अडकला (ब्रेकपॉइंट), म्हणून पान तसंच राहिलं. ते पान म्हणजे तुमची भुताची फ्रेम. तिला डमी फ्रेम म्हणतात.

---

चिंगी

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

जुनाजाणता

सेगफॉल्टेश्वर, बाकी सगळं मान्य पण पंगतीची उपमा चुकली, आणि नेमकी जिथे धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न आहे तिथेच चुकली. पंगतीत मध्ये कोणी पान मांडतं का? उशिरा आलेला शेवटच्या पानाच्या पुढेच बसतो. जीडीबीही तेच करते.

नवाकोरा, तुम्ही अप मारत मेनवर गेलात म्हणून स्टॅक काही मागे जात नाही. अप म्हणजे फक्त जीडीबीची नजर वर जाते. त्या नजरेला सिलेक्टेड फ्रेम म्हणतात, आणि तिच्यावरून एवढंच ठरतं की व्हेरिएबलचं नाव घेतलं तर कोणत्या फंक्शनमधलं घ्यायचं. खरा आरएसपी अजून बिल_छापच्याच टोकाला आहे. तुम्ही मेनवर उभं राहून "कॉल एकूण_काढ(मेनमधली_यादी)" म्हणालात तर मेनमधली_यादी मेनच्या फ्रेममधून शोधली जाईल, पण डमी फ्रेम बसेल शून्य नंबरच्या फ्रेमच्या खाली. त्यामुळे बिल_छापचे व्हेरिएबल पुसले जायचा प्रश्नच नाही. कॉल संपला की नजर परत मेनवर आणून ठेवते, तेवढं सौजन्य आहे.

एकदा करून बघा. ब्रेकपॉइंट एकूण_काढ मध्ये ठेवा, मेनच्या फ्रेमवर जाऊन कॉल मारा, थांबल्यावर बीटी. डमीच्या लगेच वर (बीटीत पुढच्या नंबरला) बिल_छापच दिसेल, मेन नाही. आम्ही हे शिकलो तेव्हा कोणी सांगायला नव्हतं, मॅन्युअलचे कागद छापून घरी नेले होते.

---

सेगफॉल्टेश्वर

@जुनाजाणता मान्य, पान शेवटीच. लग्नाला जाऊन फार दिवस झाले.

---

अर्धाकच्चा

एक बावळट शंका. परतीच्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट ठेवतात म्हणजे नक्की कुठे? माझ्या कोडमध्ये तर अशी रिकामी जागा नाही.

---

सेगफॉल्टेश्वर

बावळट अजिबात नाही. दोन पद्धती आहेत. एकीत प्रोग्रामचा एंट्री पॉइंट, म्हणजे _स्टार्ट, परतीचा पत्ता म्हणून देतात. ते एकदा चालून गेल्यावर पुन्हा तिथे कोणी येत नाही, त्यामुळे जागा मोकळीच. दुसरीत स्टॅकवरच एक बाइट घेतात आणि तिथे ब्रेकपॉइंट ठेवतात. इंटेलवर हल्लीच्या जीडीबीत ही दुसरी पद्धत आहे.

आता हुशार पोरं विचारतील की स्टॅकवर कोड चालवायला बंदी असते ना, मग? असतेच. म्हणून तिथे आल्यावर ब्रेकपॉइंटच्या ट्रॅपऐवजी सेगफॉल्ट (बंदी असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येतो, आणि जीडीबी बघते की सेगफॉल्ट आलाय पण पत्ता माझ्याच ब्रेकपॉइंटचा आहे, मग ती तो ट्रॅपच धरते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीत बसून एकटाच हसलो होतो. ज्या सेगफॉल्टला आपण आयुष्यभर घाबरलो तो इथे दाराची बेल म्हणून वापरलाय.

---

रिकामटेकडा

आयडी बघता हसणारच तुम्ही.

---

रात्रपाळी

यावरून माझी एक जखम. जुन्या नोकरीत, कुठली ते नको. रात्री दोनला एक सर्व्हर प्रोसेस मेमरी खात होती. मी जीडीबी अटॅच केलं (चालू प्रोसेसला जोडलं) आणि "कॉल मॅलॉक_स्टॅट्स()" मारलं. काहीच नाही. पाच मिनिटं कर्सर लुकलुकतोय. झालं असं होतं की मी ज्या थ्रेडवर उभा होतो तो मॅलॉकच्या (मेमरी मागायचं फंक्शन) आतच थांबला होता, मॅलॉकचं कुलूप हातात घेऊन. मॅलॉक_स्टॅट्सलाही तेच कुलूप हवं. म्हणजे स्वतःच्या घराला आतून कडी लावायची आणि बाहेर येऊन दार वाजवत बसायचं.

कंट्रोल-सी मारलं तर जीडीबीने डमी फ्रेमसकट उभं केलं. आता इथे शहाण्या माणसाने त्या फ्रेमचा निकाल लावायचा असतो. मी घाबरलो आणि क्विट मारलं, "वाय" दाबलं. जीडीबी सुटली, प्रोसेस गेली. का गेली ते वरचं वाचून आज नीट कळलं. रजिस्टरची प्रत जीडीबीच्या पोटात होती, ती जीडीबीबरोबर गेली. थ्रेडने कुलुपाची वाट बघायचं सोडून कधी परत यायचं म्हटलं तरी परतीचा पत्ता स्टॅकवरचा, आणि तिथे आता बेल वाजली तर दार उघडायला कोणी नाही.

सकाळी मीटिंगमध्ये "प्रोसेस आपोआप रिस्टार्ट झाली" असं सांगितलं. अजून कोणाला माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.

---

जुनाजाणता

@रात्रपाळी काय करायला हवं होतं ते सांगून ठेवतो, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. बीटी बघायचं, डमीच्या लगेच खालची जी फ्रेम आहे, म्हणजे आपण ज्याला बोलावलं ते फंक्शन, ती फ्रेम कमांडने निवडायची आणि "रिटर्न" मारायचं. ते त्या फ्रेमपर्यंतचं सगळं फेकतं, आणि पुढे डमी आहे असं दिसलं की तीही उचलतं आणि जुने रजिस्टर परत बसवतं. मग निवांत डिटॅच.

अर्थात ते फंक्शन मध्येच तोडलंय, त्याने तोवर काही कुलूप घेतलं असेल, यादीतला अर्धा पॉइंटर हलवला असेल, ते तसंच राहतं. पण तुमच्या बाबतीत ते कुलपासाठी ताटकळतच होतं, बहुतेक निभावलं असतं.

---

एम्बेडेडवाली

इथे सगळे ८ एमबी स्टॅकवाले श्रीमंत लोक दिसतायत. आमच्याकडे एका टास्कला ५१२ बाइट स्टॅक असतो, तोही भांडून मिळवलेला. नवीन मुलाने बोर्डवर थांबून "कॉल प्रिंटएफ(...)" मारलं. प्रिंटएफने टास्कचा स्टॅक ओलांडून शेजारच्या टास्कचा स्टॅक तुडवला. कॉल छान परत आला, उत्तर आलं, रजिस्टर परत बसले, सगळं गोड. आणि कंटिन्यू केल्यावर दहा सेकंदांनी भलत्याच टास्कमध्ये हार्डफॉल्ट (प्रोसेसरनेच हात टेकले). दोन दिवस आम्ही त्या शेजारच्या टास्कचा कोड वाचत होतो.

दुसरं म्हणजे वॉचडॉग (वेळेत खबर मिळाली नाही तर बोर्ड रिसेट करणारा टायमर). फंक्शन लांबलं की वॉचडॉगला कोणी थोपटत नाही, बोर्ड रिसेट. जीडीबी बिचारी डमी फ्रेम घेऊन बसलीय आणि खाली स्टॅकच नाही. स्टेशनवर पाहुण्याला घ्यायला गेलो आणि गाडीच रद्द.

---

टर्मिनलवेडा

@एम्बेडेडवाली श्रीमंतांनाही होतं हो. अनंत रिकर्शनने ते ८ एमबी भरले आणि प्रोग्राम पडला, तिथे जाऊन मी "कॉल स्थिती_छाप()" मारत होतो. जीडीबी म्हणते या पत्त्यावरची मेमरी वापरता येत नाही. मी चिडलो की साधं फंक्शन कॉल होत नाही. अरे पण डमी फ्रेम ठेवायची कुठे, आरएसपीखाली जमीनच संपलीय. कळायला अर्धा तास गेला.

---

जावाकाका

आमच्याकडे हे सगळं जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) बघून घेतं म्हणून आम्ही सुखी. तुम्ही आपले स्टॅकवर बाइट मोजत बसा.

---

चिंगी

@जावाकाका सुखी?? डीबगरची खिडकी उघडली की आयडीई प्रत्येक ऑब्जेक्टवर गुपचूप टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचं मजकुरातलं रूप देणारी मेथड) मारतं. आमच्या एका टूस्ट्रिंगमध्ये लेझी लोडिंग होतं, म्हणजे खिडकी उघडली की डेटाबेसला क्वेरी. खिडकी मिटून चालवलं की नल पॉइंटर. तीन दिवस!! आणि थ्रेड नुसता पॉजने थांबवला असेल तर त्याच्यावर मेथड कॉल करता येत नाही, ब्रेकपॉइंट किंवा स्टेपसारख्या इव्हेंटने थांबलेला लागतो, ते वेगळंच.

---

जावाकाका

माघार.

---

अर्धाकच्चा

थांबा थांबा. चिंगीताईंनी जे सांगितलं तेच नवाकोरांचं झालंय का? खिडकी उघडली की बग गायब?

---

सेगफॉल्टेश्वर

@अर्धाकच्चा शाब्बास. मी फ्रेममध्ये इतका रमलो की तिसरा प्रश्न राहूनच गेला.

नवाकोरा, जीडीबी परत ठेवते ते रजिस्टर. मेमरी नाही. फंक्शनने ग्लोबल बदललं, स्टॅटिक बदललं, फाइल उघडली, यादीची क्रमवारी लावली, तर ते झालं ते झालं. प्रिंट हा शब्द निरागस आहे पण "प्रिंट आय++" लिहिलं तरी आय खरोखर वाढतो. तुमचं एकूण_काढ काहीतरी करून ठेवतंय ज्याचा पहिल्या बिलाला उपयोग होतोय. कराचा दर कुठून येतो ते बघा. पैज लावतो, पहिल्यांदा लागेल तेव्हा भरायचा असा काहीतरी प्रकार असणार.

---

मिसळप्रेमी

पैज कशावर? मी मिसळ सुचवतो.

---

खालच्याआळीतला

अवांतर: फंक्शनला स्ट्रिंग दिली तर काय होतं हे कोणी बोललंच नाही. "कॉल पुट्स("हॅलो")" मध्ये ते हॅलो जीडीबीकडे आहे, प्रोग्रामच्या मेमरीत नाही. ते तिकडे न्यायला जागा हवी, म्हणून जीडीबी आधी प्रोग्राममधलंच मॅलॉक कॉल करते. म्हणजे एका कॉलच्या पोटात दुसरा कॉल, दुसरी डमी फ्रेम. आणि ती जागा नंतर कोणी फ्री करत नाही.

याचा चटका असा बसतो. लोक लिहितात "ब्रेक अमुक इफ एसटीआरसीएमपी(नाव, "पुणे") == ०". प्रत्येक वेळी तिथून प्रोग्राम गेला की थांब, मॅलॉक बोलाव, एसटीआरसीएमपी (दोन स्ट्रिंगची तुलना करणारं फंक्शन) बोलाव, रजिस्टर ठेव, चल. लूप लाखवेळा फिरत असेल तर मॅच संपून बक्षीस समारंभ होतो. त्याऐवजी जीडीबीचं स्वतःचं "डॉलर-अंडरस्कोर-एसटीआरईक्यू" वापरा, ते मेमरी वाचून जीडीबीच्या आतच तुलना करतं, प्रोग्रामला कशाला बोलवत नाही. डमी फ्रेमच नाही.

आणि पुट्स कॉल करून काही दिसलं नाही तर घाबरू नका, बफरमध्ये असेल, "कॉल (इंट)एफफ्लश(०)" मारा.

---

सिस्टिमबाई

@खालच्याआळीतला छान. याच युक्तीने मी एकदा चालू प्रोसेसचं आउटपुट वळवलंय. सहकाऱ्याने नऊ तासांचं काम सुरू केलं आणि आउटपुट फाइलला जोडायचं विसरला. अटॅच, "कॉल (इंट)क्रिएट("/टेंप/नोंद", ०६००)", आकडा आला समजा ३, मग "कॉल (इंट)डप२(३, १)" (म्हणजे १ नंबरचं नेहमीचं आउटपुट ३ नंबरच्या फाइलकडे वळवलं), डिटॅच. तो माणूस अजून मला डबा देतो. (कंसातलं इंट लिहावंच लागतं, लायब्ररीची डीबग माहिती नसेल तर जीडीबीला परतीचा टाइप माहीत नसतो आणि ती कॉल करायला सरळ नाही म्हणते.)

यात एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते. प्रोसेस बहुतेक वेळा रीड किंवा स्लीपसारख्या सिस्टिम कॉलमध्ये अडकलेली असते, आणि अटॅच केलं की तो कॉल मध्येच तुटतो. कर्नलच्या मनात असतं की हिला सोडलं की तो कॉल पुन्हा सुरू करायचा, त्यासाठी तो आरआयपी थोडा मागे ओढतो. आता जीडीबीने मध्येच आरआयपी क्रिएटच्या सुरुवातीला नेऊन ठेवला, तर कर्नल त्यालाच मागे ओढेल आणि सगळं फसेल. म्हणून जीडीबी आरआयपी बदलताना ओरिग_आरएएक्स नावाच्या जागेत उणे एक लिहिते, म्हणजे कर्नलला कळतं की पुन्हा सुरू करायचं काही नाही. आणि कॉल संपल्यावर जुनी किंमत परत ठेवते, की मूळचा रीड आता सुखाने सुरू होऊ दे. कोणीतरी कधीतरी हा फटका खाल्ला असणार, त्याशिवाय असं सुचत नाही.

---

रात्रपाळी

हे धागे रात्री दोनला का सापडत नाहीत.

---

नवखी_एलएलडीबी

मी मॅकवर एलएलडीबी (जीडीबीसारखाच दुसरा डीबगर) वापरते, माझ्याकडे अशी अर्धवट फ्रेम कधी दिसली नाही. मध्ये ब्रेकपॉइंट असला तरी थांबत नाही, सरळ उत्तर येतं. मला वाटलं माझाच ब्रेकपॉइंट चुकला.

---

जुनाजाणता

ताई, तुमचा ब्रेकपॉइंट बरोबर आहे. एलएलडीबीचा एक्स्प्रेशन डीफॉल्टने मधले ब्रेकपॉइंट दुर्लक्षतो, आणि फंक्शन कोसळलं तर सगळं उचलून पूर्वीच्या जागी आणतो. जीडीबीची वृत्ती उलट. थांबलंय तर थांबलेलंच दाखवते, बघून घ्या म्हणते. कोसळल्यावर उचलून हवं असेल तर "सेट अनवाइंडऑनसिग्नल ऑन" म्हणायचं, पण ते सिग्नलपुरतं, ब्रेकपॉइंटला ते लागू नाही. मला स्वतःला जीडीबीचंच पटतं. मी बोलावलेलं फंक्शन पडलं तर का पडलं ते मला बघायचं असतं, तेव्हा कोणी आवरून ठेवलेलं नको. आईने खोली आवरली की काहीच सापडत नाही तसं.

एक अजून, कॉल चालू असताना बाकीचे थ्रेडही धावतात. ते नको असेल तर "सेट शेड्युलर-लॉकिंग ऑन". पण मग दुसऱ्या थ्रेडकडच्या कुलपाची वाट बघत तुमचं फंक्शन कायमचं बसू शकतं. एलएलडीबी यावर तडजोड करते, आधी थोडा वेळ एकच थ्रेड चालवून बघते, नाही जमलं तर सगळे सोडते.

---

सेगफॉल्टेश्वर

@जुनाजाणता इथे माझं मत वेगळं. नव्या माणसाला जीडीबीचं वागणं घातकच आहे. धागाकर्त्याने तीन डमी रचल्या, रात्रपाळीने प्रोसेस मारली. डीफॉल्ट सुरक्षित हवं, ज्याला हवं त्याने उघडावं.

---

जुनाजाणता

मग तर फंक्शन कॉलच बंद ठेवा, "सेट मे-कॉल-फंक्शन्स ऑफ" आहेच. लाइव्ह सर्व्हरवर अटॅच करताना मी तेच करतो, चुकून प्रिंटमध्ये कंस पडला तरी जीडीबी नाही म्हणते. पण शिकायच्या मशिनवर पोराला पडू द्यावं.

---

रिकामटेकडा

दोघांनी मिसळ खाऊन मिटवा.

---

नवाकोरा_सी (धागाकर्ता)

सगळ्यांना दंडवत. काल रात्री बसून पाहिलं, क्रमाने सांगतो.

तीन डमींचं आधी. बीटी परत बघितलं, कंटिन्यू मारलं, गप्प थांबलं, आता दोनच डमी. परत कंटिन्यू, एक. परत कंटिन्यू, आणि थेट बिल_छापच्या त्याच ओळीवर जिथे सुरुवातीला होतो. परवा मी पहिल्याच कंटिन्यूनंतर "हँग झालं" म्हणून किल मारलं होतं. त्या लांबलचक मेसेजच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय की फंक्शन संपलं की जीडीबी न बोलता थांबवेल. वाचलं कोणी!

मग मेनच्या फ्रेमवरून कॉल करून पाहिलं. जुनाजाणता म्हणाले तसंच, डमीच्या वर बिल_छाप. आरएसपीही आधी-नंतर जुळला.

आणि बग. एकूण_काढ मध्ये एक छोटं कर_दर_आण फंक्शन आहे. ते बघतं की ग्लोबल कर_दर शून्य आहे का, असेल तर फाइलमधून वाचून भरतं. बिल_छाप मात्र आधी कर_दर वापरून कराची ओळ छापतं आणि मग खाली एकूण_काढ बोलावतं. म्हणजे पहिल्या बिलाला ओळ छापताना दर शून्य, लगेच खाली तो भरला जातो, म्हणून एकूण बरोबर आणि दुसऱ्या बिलापासून सगळंच बरोबर. मी प्रिंट मारलं की दर आधीच भरून ठेवत होतो. स्वतःच स्वतःचा बग पुसत होतो.

खात्री करायला या वेळी फंक्शन न बोलवता नुसतं "प्रिंट कर_दर" मारलं. शून्य. दोन ओळींची अदलाबदल केली, सकाळचं पहिलं बिल आज बरोबर निघालं.

---

अर्धाकच्चा

वा वा! पैज सेगफॉल्टेश्वर जिंकले.

---

सेगफॉल्टेश्वर

चिंगीची टूस्ट्रिंग आणि अर्धाकच्चाची शंका नसती तर मी अजून रेड झोनमध्येच असतो. मिसळ तिघांत.

---

एम्बेडेडवाली

@नवाकोरा दर खरोखरच शून्य टक्के असेल त्या दिवशी तुमचं कर_दर_आण प्रत्येक बिलाला फाइल वाचत बसेल, बघा हं.

---

नवाकोरा_सी (धागाकर्ता)

…बघतो. नवीन धागा काढावा लागणार बहुतेक.

---

रिकामटेकडा

तरी सांगत होतो, प्रिंटएफ लावा.